गवत येईपर्यंत

त्या वर्षी विचारायला कुणी आलं नाही.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा दिवस उलटला की पहिल्या शनिवारी स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा मुकादम घरोघर फिरणार, हे आमच्या सुरप्लाउन गावात माझ्या सासूबाईंच्या लहानपणापासून चालत आलेलं. डोंगरावरून गावात उतरणारी स्कीची वाट तेवीस घरांच्या कुरणांवरून येते. उन्हाळ्यात तिथे ज्याच्या त्याच्या गाई, ज्याचं त्याचं गवत आणि मधोमध कुंपणं. हिवाळ्यात ती निघाली नाहीत तर वरून येणारा माणूस थेट तारेत. म्हणून आमचे मुकादम प्लाचीकाका प्रत्येक दारात टोपी काढून उभे राहायचे. उत्तर मिळेपर्यंत बसायचे नाहीत. विचारायचे, "बर्फाला वाट आहे का?" घरातलं मोठं माणूस म्हणायचं, "आहे. गवत येईपर्यंत."

मग नासपतीचा पाव कापायचा, चेरीच्या दारूचा छोटा पेला पुढे करायचा. त्याच दुपारी घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने कुंपणाचा पहिला खांब उपटायचा आणि वसंतात सगळ्यांत मोठ्याने तो परत ठोकायचा. कागद कधी कुणी केला नाही. तेवीस घरं होईपर्यंत प्लाचीकाकांचे पाय असे पडायचे की शेवटच्या घरी त्यांना काखेत धरूनच आत घ्यावं लागे.

ते शेवटचं घर माझ्या सासूबाईंचं, बार्लाबाईंचं. एका बाजूला ओढ्याची घळ, दुसऱ्या बाजूला चर्चची भिंत आणि मध्ये तीस पावलं रुंदीचं त्यांचं कुरण. सगळे त्याला 'गळा' म्हणतात. गळा बंद, तर अख्खा उतार बंद.

लिफ्ट गावाने तीन वर्षांपूर्वी विकली. म्हणजे आम्हीच विकली. शाळेच्या हॉलमध्ये गावसभा, आणि आमच्याकडे मतदान हात वर करून. जुनी केबल बदलायला गावाकडे पैसे नव्हते. लागोपाठ दोन वर्षं बर्फ नाताळ संपल्यावर पडला होता. समुद्रापलीकडच्या एका कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. बारमाही नोकऱ्या, पाळणाघर, तरुण कुटुंबांसाठी घरं. सात महिन्यांची नेसा माझ्या मांडीवर होती. मी खाली शहरात कॉलेज केलेलं, अर्थशास्त्राचे दोन पेपर दिलेले, त्यामुळे त्याचे आकडे मला इतरांपेक्षा जरा जास्तच खरे वाटले. मी हात वर केला. सासूबाई पुढच्या रांगेत होत्या. त्या वळल्या नाहीत. पण नेमकी तेव्हाच नेसाने त्यांच्या अंबाड्यातली पिन ओढली. त्यांनी मागे हात करून ती तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली. माझा हात वर असलेला त्यांना दिसलाच असणार.

कंपनीने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. काचेच्या डब्यांची नवी लिफ्ट आली. रस्ता सकाळी सहाला साफ होतो. माझा नवरा कुर्दिन रात्रभर उतारावरचं बर्फ सपाट करणारं यंत्र चालवतो, त्याचा पगार वाढला. पण दिवसाचं तिकीट इतकं महागलं की खोऱ्यातली माणसं रविवारी पोरं घेऊन वर यायची थांबली. कंपनीने स्वतःचं दुकान काढलं. तिथे अर्धा भाजलेला पाव ट्रकने येतो. आमच्या गिएरी बेकरीवाल्याने पुढच्याच वर्षी भट्टी विझवली आणि आता तो त्या दुकानात तोच पाव यंत्रात सरकवतो. मी समोर गेले की म्हणतो, "घे बाई, ताजा आहे. आज सकाळीच पुडकं फोडलंय."

आणि घरं. एकामागून एक विकली गेली, चांगल्या भावाने. वर्षातून दोन आठवडे त्यांत माणसं असतात. संध्याकाळी नेसाला कडेवर घेऊन मी खिडकीशी उभी राहते, दिवे लागलेल्या खिडक्या मोजते. हा आमचा खेळ. आधी तिला वीसपर्यंत आकडे येत नव्हते म्हणून अडायचं. मग तिला आकडे आले आणि खिडक्या संपल्या.

आम्ही भाड्याने राहत होतो ते मास्तरांचं घरही कंपनीने घेतलं. नाताळच्या आत खाली करा, असं पत्र आलं. खाली दरीत, शहरात, घरं होती. पण नेसाची बालवाडी, तिची भाषा, तिची आजी सगळं इथे होतं. शाळेत सहा मुलं उरलेली, नेसा गेली की सात होणार. मला इथेच राहायचं होतं. ते जितकं हातातून सुटायला लागलं तितकं जास्त हवंसं वाटायला लागलं. रात्री नेसा खोकायची आणि मी दोन खोकल्यांमधला वेळ मोजत बसायची.

त्याच सुमारास कुरणवाल्या तेवीस घरांना कंपनीची रजिस्टर पत्रं आली. कुरणांवर तीस वर्षांचा हक्क, बारा महिने, जमिनीखालून पाइप, वर बर्फ फवारणारी यंत्रं. प्लाचीकाकांना आदल्या वसंतात मनगटी घड्याळ देऊन घरी बसवलं होतं. बावीस घरांनी सह्या केल्या. सासूबाईंनी पाकीट चुलीजवळच्या लाकडांवर ठेवलं. उघडलंही नाही, जाळलंही नाही.

मग कंपनीच्या वेटश्टाइनसाहेबांनी कुर्दिनला बोलावलं. नव्या इमारतीत चाळीस फ्लॅट, त्यांतले दोन बारमाही राहणाऱ्यांसाठी. एक तुमचाच समजा, म्हणाले. तुमच्या आईंच्या कुरणाचं मिटलं की.

"तूच बोल तिच्याशी," कुर्दिन मला म्हणाला. "मी बोललो तर ती मला शेळ्यांना पाणी द्यायला पाठवेल. चाळीस वर्षांचा झालो तरी पाठवते."

मी गेले. सासूबाई शेळीचे खूर कापत होत्या.

"आई, त्या पत्राचं काय करायचं?"

"कसलं पत्र? धर हिचा पाय. घट्ट धर, अशी फुलं धरल्यासारखी नको धरू."

"कंपनीचं. बाकी सगळ्यांनी सही केली."

"केली असेल."

"तुम्ही नाही म्हणताय का?"

"मी कुठे काही म्हणतेय? मला कुणी विचारलंच नाही." त्यांनी खुराचा तुकडा कुत्र्याकडे फेकला. "पोस्टमन आला, म्हणाला इथे सही कर. मी त्याला म्हटलं, बस रे, तर म्हणे घाईत आहे."

फ्लॅटचं मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि नेसाला पुढे करून मागायची मला लाज वाटली. 'आमच्याकडे या' असं त्या म्हणतील ही भीतीही होतीच. त्यांच्या घराला दोन खोल्या. एकीत चूल. दुसरीत विळे, दावी आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय.

त्याऐवजी मी वेटश्टाइनकडे गेले. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. पायात शहरी बूट, टेबलावर दोन फोन.

"तुम्ही स्वतः जा," मी म्हटलं. "शनिवारी. टोपी घालून जा."

"मी टोपी घालत नाही."

"मग घाला. दारात काढायची आहे." आणि मी त्याला ते वाक्य शिकवलं, आमच्या भाषेत. तो ते वहीत लिहून घेत होता, जीभ दातात धरून, आणि मला एकदम त्याची दया आली.

"आणि सही?"

"आमच्याकडे शब्द पुरतो."

"पक्कं?"

"हो," मी म्हटलं.

शनिवारी तो आला. डोक्यावर लोकरी टोपी, बहुधा त्याच सकाळी दुकानातून घेतलेली. मागे किमतीची चिठ्ठी लोंबत होती. दारात त्याने टोपी काढली आणि शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहून वाक्य म्हणाला. अर्धी अक्षरं चुकली. नेसा खुदकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, उठून उभ्या राहिल्या. उत्तर उभ्याने द्यायचं असतं आणि आपल्याच भाषेत द्यायचं असतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "गवत येईपर्यंत."

वेटश्टाइनने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

त्याची भाषा सासूबाईंना माझ्याइतकीच येते. गावात सगळ्यांनाच येते. ते त्याच्या लक्षात नव्हतं, माझ्या होतं. नेसा माझ्या कडेवर होती, तिच्या छातीतली घरघर माझ्या हाताला लागत होती.

"त्या हो म्हणाल्या," मी म्हटलं.

एवढंच सांगून मी थांबले. आता त्या मला दुरुस्त करतील, असं वाटून माझे कान तापले. त्यांनी सुरी घेतली आणि पाव कापायला लागल्या. पहिला तुकडा त्याला, दुसरा मला. माझ्या तुकड्यात अक्रोड जास्त होते.

दुपारी नेसाने पहिला खांब उपटला. म्हणजे सासूबाईंनी आधीच तो हलवून सैल केला होता, नेसाने नुसता मिठीत धरला. वेटश्टाइनने फोटो काढला आणि वरच्या साहेबांना पाठवला. सोमवारी फ्लॅटची किल्ली मिळाली.

त्या फ्लॅटवर माझा जीव जडला, हे मी लपवत नाही. जमिनीतून ऊब यायची. पहिल्या दिवशी कुर्दिन मोजे काढून उभा राहिला आणि म्हणाला, "खाली नरकात कुणीतरी आपल्यासाठी पापं फेडतंय, उर्सिना, त्याशिवाय एवढी ऊब येत नाही." मी हसले, आणि मग बराच वेळ गरम पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. नेसाचा खोकला दहा दिवसांत गेला. मी सवयीने जागी व्हायची, कान लावायची, काहीच ऐकू यायचं नाही. तेव्हा मी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

खिडकीतून समोरच गळा दिसायचा. पांढराशुभ्र, त्यावरून रंगीबेरंगी माणसं खाली येताना. पाइप आणि यंत्रं वसंतात घालू, असं वेटश्टाइन सांगून गेला. मी मान डोलावली. सासूबाई रविवारी यायच्या, मोजे काढायच्या नाहीत, खुर्चीच्या कडेवर बसून नेसाला गोष्ट सांगायच्या. मी गाळलेल्या त्या दोन शब्दांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. एकदा मात्र निघताना त्यांनी वाकून तळहात जमिनीला लावला, बराच वेळ, जसा गाभण शेळीच्या पोटाला लावतात तसा.

"छान आहे," म्हणाल्या.

मार्चमध्ये ऊन वाढलं तशी मी बर्फाच्या कडा बघायला लागले. आयुष्यभर आम्ही गवताची वाट पाहिलेली. शेवाळी चिखलातून पहिली हिरवी रेघ दिसली की माझी आई आम्हाला हाका मारून बाहेर बोलवायची. त्या वर्षी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, अजून पड. रोज सकाळी पडदा सरकवायची, आणि चर्चच्या भिंतीकडचा काळा पट्टा आदल्या दिवसापेक्षा हातभर रुंद झालेला असायचा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, सासूबाई खांबांची मोळी ओढत गळ्यात जाताना दिसल्या. एकट्या. त्र्याहत्तर वर्षांच्या. मी नेसाला बूट घातले आणि खाली धावले.

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"खिडकीतून दिसतं की तुला सगळं. धर."

मी खांब धरला. त्यांनी हातोडा उचलला. पहिला खांब आत जातोय तोच खालून पिवळी गाडी आली, मागे खणायचं यंत्र. वेटश्टाइन उतरला. बूट आता चांगले होते, गावातले.

"हे काय? उद्यापासून पाइपचं काम आहे इथे. तुमच्या सासूबाईंनी तर परवानगी दिली होती."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. परीक्षा घेणाऱ्या बाईंसारखंही नाही. नुसत्या, मी काय म्हणते ते ऐकायला.

"बर्फाला दिली होती," मी म्हटलं. "गवत येईपर्यंत. त्या तेव्हाच तसं म्हणाल्या होत्या. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

त्याने खाली पाहिलं. त्याच्या बुटांभोवती गवत होतं, दोन बोटं उंच.

"मी वर कळवलंय की कायमचं मिळालं म्हणून," तो हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, शब्द पुरतो."

"पुरतो. जेवढा दिला तेवढाच."

"तुम्हाला कल्पना आहे ना, फ्लॅट त्याच्यावरच..."

"आहे."

तो गाडीकडे गेला, फोन कानाला लावून. लबाडी त्याने केली नव्हती, मी केली होती, आणि उत्तरं त्याला द्यावी लागणार होती.

"फ्लॅट याच्यावर होता?" सासूबाईंनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलंच होतं. त्या दिवशी तू दोन शब्द गिळलेस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत, आई? तिथल्या तिथे?"

"काय बोलायचं? पोरगी खोकत होती." त्यांनी हातोडा दुसऱ्या हातात घेतला. "म्हटलं, एक हिवाळा तरी उबेत जाऊ दे तिचा. गेला ना?"

नेसा थोड्या अंतरावर राहिलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग काठीने टोचत होती.

"ऐक," सासूबाई म्हणाल्या. "कागद अजून लाकडांवरच आहे. तो माणूस अजून गाडीत आहे. तू म्हणशील तर आत्ता सही करते. मी किती वर्षं गवत कापणार आहे? तू म्हण, मी हा खांब उपटते."

त्यांनी खरंच मनापासून म्हटलं होतं. तेच अवघड होतं. ते जर टोमणा असतं तर मी रडून मोकळी झाले असते. मी नेसाकडे पाहिलं. तिच्या गालांवर लाली होती, टोपी एका कानावर सरकलेली. मी त्या जमिनीतल्या उबेचा विचार केला, रात्रीच्या शांततेचा. एक शब्द पुरे होता. मग वरच्या बावीस कुरणांकडे नजर गेली. तिथे या वर्षी कुणी खांब घेऊन आलं नव्हतं. कुठल्याच घरातलं कुणी मोठं माणूस नाही, कुणी लहान नाही. खणून काढलेल्या मातीची एक लांब रेघ वरपासून येत होती आणि आमच्या कुरणाच्या कडेला येऊन थांबली होती. पुढच्या नोव्हेंबरात कुठल्याच दारात कुणी टोपी काढणार नव्हतं.

"खांब तिरका जातोय, आई," मी म्हटलं. "जरा तुमच्याकडून मारा."

त्यांनी मारला. नंतरचे सगळे खांब आम्ही दोघींनी मिळून ठोकले. तार ताणताना त्या एवढंच म्हणाल्या, "मागच्या खोलीतले विळे गोठ्यात नेता येतील. पण खिडकीच्या फटी बुजवाव्या लागतील. कुर्दिनला सांग, बुजवता येतात त्याला, नाही म्हटला तरी."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात पोरगी चुलीच्या खोलीत, माझ्याजवळ. तू आणि तो मागे थंडीत. तुम्ही तरुण आहात."

मी हसले, आणि हसताना डोळे भरून आले. मागच्या खोलीत ऊब येणार नव्हती, ते त्यांनाही ठाऊक होतं. नेसा परत खोकेल, ते मला ठाऊक होतं. मी बरोबर केलं की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. जानेवारी येईल तेव्हा मी परत दोन खोकल्यांमधला वेळ मोजत बसेन आणि तेव्हा मला हा खांब आठवेल.

काम संपलं तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं. निघताना घाईत मी घरातला दिवा तसाच ठेवला होता. गळ्यात उभं राहून मी पहिल्यांदा त्या इमारतीकडे अंधार पडताना बाहेरून पाहिलं. चाळीस फ्लॅट, काळ्या काचा, आणि तिसऱ्या मजल्यावर एकच पिवळी खिडकी. इतके महिने मी आतून बघत होते; इथून ती कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

"एक," नेसा बोट दाखवून म्हणाली. मग पुढचा आकडा म्हणायला तिने इकडेतिकडे पाहिलं.

"आपलीच आहे," मी म्हटलं. "चल, दिवा घालवून येऊ. मग आजीकडे जेवायला जायचंय."

"आणि मग परत लावायचा?"

मी तिचा हात धरला. किल्ली कोटाच्या खिशात होती, हाताला ऊबदार लागत होती. घर सोडायची मुदत महिन्याची, म्हणजे मे संपेपर्यंत ती माझ्याकडे राहणार होती.